मुलांची उन्हाळी शिबिरे : आली कोठून, निवडावी कशी



परीक्षा तोंडावर आल्या, आंब्याला कैऱ्या धरल्या, की शहरातल्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती निघू लागतात. पूर्वी त्या शहरातल्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत राहत. आता खेड्यातल्या पालकाच्या हातातल्या मोबाईलवर येऊन पोचतात. गेवराई तालुक्यातले तलवाडा घ्या, आपले त्वरिता देवीचे गाव. तेथील शिक्षक, दुकानदार, कालव्याखालचा बरा बागायतदार, यांचा कोणी ना कोणी भाऊ-मेहुणा छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला असतोच. मग एप्रिलात विचारणा सुरू होते : "सर, पोराला सुट्टीत तिकडं शिबिराला घालू का? कोणतं बरं राहील?" माझ्या हाताखालून गेलेले आणि आता स्वतः शिक्षक झालेले विद्यार्थी हा प्रश्न मला दर वर्षी करतात. मी पडलो इतिहासाचा माणूस. सरळ एका शिबिराचे नाव सांगून मोकळे होणे मला जमत नाही. आधी ही गोष्ट आली कोठून, कोणासाठी आली, हे पाहावेसे वाटते. आणि खरे सांगायचे तर निवडीचे निम्मे उत्तर तेथेच सापडते.

प्रथम शब्दच पाहा. 'शिबिर' हा संस्कृत शब्द सैन्याच्या तळाचा. 'छावणी'चे तेच. आपल्या बीड जिल्ह्यात तर उन्हाळ्यात छावणी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती जनावरांची चारा छावणी. २०१३ आणि २०१९ या दुष्काळी वर्षांत कितीतरी घरची मुले आईबापांबरोबर, गाईबैलांच्या सोबतीने अशा छावण्यांत राहिली. आणि आजोबांच्या पिढीला 'कॅम्प' म्हणजे १९४७-४८ साली हैदराबाद संस्थानाच्या सीमेबाहेर स्वातंत्र्यसैनिकांनी उभारलेले तळ. थोडक्यात, आपल्या मुलखात तळ ठोकला तो लढाईने, दुष्काळाने किंवा पोटाच्या पाठी लागून. मुलांनी मौजेने शिकावे म्हणून तळ ठोकायचा, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आणि बाहेरून आली.

लांबलचक उन्हाळी सुट्टी तरी आपली कोठे आहे? पंतोजींच्या शाळेत आणि पाठशाळेत अनध्यायाचे दिवस ठरलेले असत : प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा, त्यांत सणवार आणि गावची जत्रा मिळवा. सलग महिना-दीड महिना शाळा बंद, हा प्रकार इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्या, न्यायालये आणि कॉलेजे यांच्याबरोबर आला. मे महिन्यात कोर्ट बंद, कॉलेज बंद, शिकलेला माणूस मोकळा. न्यायमूर्ती रानड्यांनी ही मोकळीक बरोबर हेरली आणि १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शहाण्या माणसांनी सुट्टीत एकत्र जमावे आणि ज्ञानाच्या गोष्टी ऐकाव्यात, हा त्यांचा हेतू. महाराष्ट्रातले पहिले उन्हाळी शिक्षण कोणते असे मला कोणी विचारले तर मी याच व्याख्यानमालेकडे बोट दाखवीन. मात्र ते मोठ्यांचे होते आणि शहरातले होते. शेतकऱ्याच्या पोराची सुट्टी तेव्हाही निराळी होती आणि आजही निराळीच आहे. चैत्र-वैशाखात धसकटे वेचायची, खत पसरायचे, शेरडे राखायची, पाण्याला हेलपाटे घालायचे. मध्येच एखादे लग्न, एखादी जत्रा आणि चार दिवस मामाचे गाव.

आता मुलांच्या शिबिराचा उगम पाहू. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाचे एक शाळामास्तर होते. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले. मुलांना शिपायांसारखे तंबूत राहण्याची हौस आली. या मास्तरांनी मुलांना रागावून बसवले नाही. शाळेतल्या सगळ्या मुलांना घेऊन ते सुमारे ४० मैलांवरच्या समुद्रकाठी चालत गेले आणि तेथे तंबू ठोकून राहिले. पोहणे, मासे धरणे, होडी हाकणे हाच अभ्यासक्रम. संघटित उन्हाळी शिबिराचा आरंभ बहुधा येथूनच मोजतात.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती स्वित्झर्लंडमधली हकिकत. झ्यूरिक शहरात हर्मान वाल्टर बिओन नावाचे पाद्री होते. कोंदट वस्त्यांत वाढणारी, फिकी पडलेली, अशक्त मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती. श्रीमंतांची मुले उन्हाळ्यात डोंगरावर जातात, मग यांनीच का जाऊ नये, असे मनात आणून १८७६ साली ते अशी ६८ मुले-मुली आपेनझेलच्या डोंगरात घेऊन गेले. मोकळी हवा, भरपूर दूध, हिंडणे-फिरणे. ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये फोफावली. तेथे मुलांना निघण्यापूर्वी तराजूत बसवून वजन घेत आणि परतल्यावर पुन्हा घेत. किती वाढले, यावरून शिबिराचे यशापयश ठरे. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८७७ साली विलर्ड पार्सन्स या धर्मोपदेशकाने शहरातल्या गरीब मुलांना काही दिवस खेड्यातल्या कुटुंबांत राहायला पाठवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे १९२५ साली रशियाने क्रायमियात, समुद्रकाठी, आर्तेक नावाचे शिबिर उघडले तेही मूळ क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी.

शिबिर हे असे शहराच्या रोगावरचे औषध म्हणून निघाले. शहरातल्या मुलाला जे मिळत नव्हते, म्हणजे उघडे आभाळ, पाणी, झाडे, पायी चालणे, दहाजणांत मिसळणे, ते त्याला आठ-पंधरा दिवस द्यायचे, हे त्यातले मर्म. आता तलवाड्याच्या मुलाचा विचार करा. याला आभाळ कमी आहे काय? नदी गोदावरी जवळ, पायाखाली काळी माती, घरी शेळी-बैल. आणि आपण त्याला पैसे मोजून शहरात पाठवणार, तर तेथे त्याला एखाद्या फार्महाऊसवर नेऊन बैलगाडीत बसवणार आणि "ही बघा, ही ज्वारी!" म्हणून सांगणार! हा विनोद नाही, श्रोतेहो. शहरी शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिकांत बैलगाडीची फेरी आणि चुलीवरची भाकरी हमखास असते. शहरातल्या मुलाला ती अवश्य दाखवावी. आपल्या पोराने त्यासाठी एस.टी.चे तिकीट काढण्याचे कारण नाही.

तेव्हा पहिला प्रश्न शिबिराला नव्हे, स्वतःला विचारायचा : आपल्या मुलाला उणे काय आहे? खेड्यातल्या मुलाच्या उणिवा वेगळ्या आहेत. प्रयोगशाळा उणी आहे, ग्रंथालय उणे आहे, रंगमंच उणा आहे, परगावच्या आणि परभाषेच्या मुलांची ओळख उणी आहे. या गोष्टी शहरात आहेत आणि त्यासाठी मुलाला धाडणे सार्थ आहे. एकच उदाहरण देतो. पुण्याला १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला देण्याची प्रथा या संस्थेत पडली. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून तेथे मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुन्या बाटल्या असल्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. नारळीकरांची एक गोष्ट शिक्षकांनी तरी ऐकून ठेवण्यासारखी आहे. मुले सही मागायला आली की ते म्हणत, सही नाही. एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. शिबिर भरवणारा माणूस मुलाकडून काय मागतो, यावरून त्या शिबिराची पारख होते असे मी म्हणतो ते यासाठी. तेथे मुलाकडून प्रश्न मागितला जात होता.

ही मागण्याची बाब साधी नाही. शिबिराचा पुढचा इतिहास सगळा याच प्रश्नाभोवती फिरतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांचे आठ दिवसांचे शिबिर घेतले आणि त्यातून बालवीर चळवळ जन्माला आली. त्यांनी मुलांच्या चार टोळ्या केल्या होत्या. लांडगे, कावळे, बैल आणि कुरल पक्षी अशी त्यांची नावे. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच. नामांकित शाळांतली श्रीमंतांची मुले आणि पूल, बोर्नमथ या गावांतली कामकऱ्यांची मुले त्यांनी एकाच टोळीत घातली. फी मात्र ऐपतीप्रमाणे : श्रीमंताच्या मुलाला १ पौंड, दुसऱ्याला साडेतीन शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. तंबू एक, जेवण एक, काम एक. आज शहरातल्या कोणत्या शिबिरात अशी सोय आहे, हे विचारून पाहायला हरकत नाही. काही ठिकाणी ती असते. न विचारता कोणी सांगत नाही इतकेच.

हीच चळवळ १९०९ साली हिंदुस्थानात आली तेव्हा तिचे रूप पालटले. आरंभी ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती ठेवली होती. आपल्या मुलांना दार बंद. त्यावर १९१८ साली अलाहाबादेत, म्हणजे आताच्या प्रयागराजला, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्वतंत्र बालवीर संघटना काढली. यात्रांतून गर्दीची व्यवस्था, रोगराईत शुश्रूषा, ही कामे ती पोरे करीत. स्वातंत्र्यानंतर १९५० साली निरनिराळ्या संघटना एक होऊन 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' झाली. आपल्या कितीतरी शाळांत तिचे पथक आजही आहे. पण ते पंधरा ऑगस्टच्या संचलनापुरते उरू नये. शाळेत पथक असेल आणि शिक्षक मनावर घेईल तर फार थोड्या खर्चात मुलाला चांगले शिबिर मिळते, हे पालकांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रात मात्र सुट्टीतल्या शिबिराला खरे बळ आले ते चळवळींमुळे. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्याच्या उन्हाळी वर्गांना देशभरातून व्यायामशिक्षक येत. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या मंडळींनी आपले देशी खेळ करून दाखवले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९२७ च्या उन्हाळ्यात नागपूरला आपला पहिला शिक्षण वर्ग घेतला. १९४१ च्या जूनमध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि साने गुरुजींच्या शब्दांनी खेड्यापाड्यांतली मुले सेवा दलाकडे ओढली गेली. विचार निराळे, झेंडे निराळे. पण मे महिना ही मुले घडवण्याची वेळ आहे, हे साऱ्यांनीच ओळखले होते.

सेवा दलाच्या शिबिराबद्दल थोडे थांबून सांगतो. पहाटे उठणे, कवायत, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ, रात्री गाणी. वरवर पाहता यात नवल काहीच नाही. पण तो काळ आठवा. गावात पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या. अशा गावातून आलेला मुलगा शिबिरात कोणाही शेजारी मांडी घालून जेवत होता, मुलीही मुलांबरोबर कवायतीला उभ्या होत्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले, दहा दिवस. आणि मंदिर खुले झाले. त्यामागे जी तरुण मने उभी होती त्यांतली कितीतरी अशा शिबिरांतल्या पंगतींनी तयार केलेली होती.

पण तळ ठोकून कोवळी मने घडवता येतात, हे वाईट माणसांनाही कळते. जर्मनीत १९३६ च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि सगळी जर्मन मुले हिटलरच्या युवक संघटनेच्या हवाली झाली. तेथेही तंबू होते, शेकोटी होती, गाणी होती, पायी प्रवास होता. दिसायला सगळे तेच, आणि त्यातून निघाले काय ते जगाने पाहिले. म्हणून मी पालकांना सांगत असतो की मूल शिबिराहून आले की काय शिकलास एवढेच विचारू नका. कोणाबद्दल काय सांगितलं, हेही सहज, बोलता बोलता विचारा. आपल्याहून वेगळ्या माणसाचा तिटकारा घेऊन मूल परत आले असेल तर ते शिबिर फुकट असले तरी महाग पडले.

आपल्या मराठवाड्यात हे वारे पोचायला वेळ लागला, त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा चालवायचा तरी सरकारची नजर. वरचे शिक्षण उर्दूतून. अशा स्थितीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरीची शाळा चालली, आणि दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. तेथली मुले शिक्षकांच्या सहवासात राहत, तेथील वसतिगृह हेच बारमाही शिबिर होते म्हणा ना! १७ सप्टेंबर १९४८ नंतर वाट मोकळी झाली. पुढे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजची मुले खेड्यात शिबिराला जाऊ लागली. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडत होती; त्यानंतर १९७३ मध्ये या योजनेच्या शिबिरांना 'दुष्काळाशी सामना' हाच विषय दिला गेला. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात भरवलेली श्रमसंस्कार छावणी याच सुमाराची. ती तरुणांची, लहान मुलांची नव्हे. पण तेथे कुदळ धरून परतलेली माणसे आपल्या भागात अजून भेटतात आणि तो आठवडा विसरलेले मला तरी कोणी भेटलेले नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे काही वर्षे मी स्वतः सांभाळली. त्यातला एक अनुभव निवडीच्या कामी येईल. पहिले दोन दिवस मुलांचे घरच्या आठवणीत, झोपेच्या आणि जेवणाच्या तक्रारीत जातात. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कोठे मन लागते. चौथ्या दिवसापासून काम होते, दोस्ती होते, न सांगता कोणी कोणाचे ताट घासते. ही अठरा-वीस वर्षांच्या मुलांची कथा; दहा वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त वेळ लागणार. तेव्हा 'तीन दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास' असे कोणी छापले असेल तर ती सहल समजावी. सहल वाईट नाही. तिचे पैसे सहलीइतके द्यावेत.

मधल्या काळात आणखी एक प्रवाह येऊन मिळाला, तो कलेचा. मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी 'मधुमंजिरी' आणले, १९६२ साली रत्नाकर मतकरींनी बालनाट्य संस्था काढली, आणि सुट्टी व बालनाट्य यांची जोडी जमली. पुढे नाट्यशिबिरे आली, चित्रकला आली, मग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाजार आला. आज शहरात शिबिर हा एक धंदा आहे. धंदा म्हणून मी नाक मुरडत नाही; शिकवणाऱ्याला पोट असते. परंतु एका दिवसात घोडेस्वारी, तिरंदाजी, रोबो, नृत्य, संस्कृत श्लोक आणि केक करणे असे सहा पदार्थ एकाच ताटात वाढलेले दिसले, म्हणजे त्यातला एकही मुलाच्या अंगी लागणार नाही हे ओळखावे. वेळापत्रक मागून घ्या. त्यात रिकामा वेळ किती आहे ते पाहा. बिओन पाद्रीबुवांची मुले बहुतेक वेळ नुसती हिंडत होती, आणि तरी त्यांचे वजन वाढत होते.

दुसरे पाहावयाचे ते माणूस. शिबिराचे नाव, इमारत, रंगीत पत्रक यांवर जाऊ नका. मुलांबरोबर प्रत्यक्ष राहणारे कोण, किती, त्यांनी यापूर्वी काय केले आहे, हे विचारा. मागल्या वर्षी ज्यांची मुले जाऊन आली अशा दोन पालकांशी बोला. त्यातला एक खेड्यातला असला तर फारच उत्तम, कारण शहरी मुलांच्या घोळक्यात आपल्या पोराच्या बोलीला कोणी हसले तेव्हा ताईंनी किंवा दादांनी काय केले, हे तोच सांगेल. ही गोष्ट लहान समजू नका. "आला न्हाई" म्हणणाऱ्या पोराची पहिल्याच दिवशी टिंगल झाली, की उरलेले दिवस ते तोंड उघडत नाही. आणि नारळीकर स्वतः समोर येऊन बसले असते तरी त्याने प्रश्न विचारला नसता.

निवासी शिबिर असेल तर रात्रीची व्यवस्था डोळ्यांनी पाहून यावी. मुली असतील तर बाई मुक्कामाला हव्यात. विहीर, तलाव, धरण जवळ असेल तर पोहणारा माणूस हवा. दवाखाना किती दूर ते कळायला हवे. मुलाला घरी बोलू देतात की नाही ते विचारायला हवे. दोरावरून उतरणे, कडा चढणे असले काही असेल तर राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटनाच्या धोरणाप्रमाणे नोंदणी केली आहे काय, हे स्पष्ट विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नये.

आणि एक विषय असा आहे की त्यावर शहरातली पत्रके काहीच बोलणार नाहीत. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता. मुले एकतर फडावर, नाहीतर गावी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलात कारखान्यांचे पट्टे पडले की आई-बाप घरी येतात आणि पाऊसपाण्यापर्यंत काय ते दोन-अडीच महिने घर भरलेले असते. अशा मुलाच्या गुणांवर खूश होऊन एखादी संस्था त्याला मे महिन्यात पुण्याला मोफत शिबिराला न्यायला तयार होते; शिक्षकालाही अभिमान वाटतो, यादीत त्याचे नाव जाते. मी अशा एका शिक्षकाला म्हटले, "गुरुजी, त्याला पाठवा, पण दिवाळीनंतर पाठवता येईल असं काही बघा. मे महिना त्याच्या आईचा आहे." फार तर चार-सहा तासांचे, संध्याकाळी घरी पोचवणारे शिबिर त्याला द्यावे. वर्षातून सहा महिने जे मूल आईवाचून काढते त्याला आणखी पंधरा दिवस आईपासून तोडून शिकवण्यासारखी विद्या मला तरी माहीत नाही.

म्हणूनच माझा ओढा असा, की ज्यांना शहरात पाठवणे जमते आणि ज्यांच्या उणिवेला शहरात उत्तर आहे त्यांनी जरूर पाठवावे. पण तलवाड्याचे एखादे शिबिर तलवाड्यातच का भरू नये? सामग्री हाताशी आहे. आपल्या तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. नदीला पूर होता. निजाम काही फौजेनिशी पलीकडे उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडे राहिला होता. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पुस्तकात हे दोन ओळींत येते. मुलांना काठावर उभे करा, पात्राची रुंदी पावलांनी मोजायला लावा, पूर आल्यावर पाणी कोठवर चढते ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला लावा. निम्मी फौज अलीकडे आणि निम्मी पलीकडे अडकणे म्हणजे काय, ते मग शिकवावे लागत नाही. बीडजवळची खजाना विहीर आहे, निजामशाहीच्या काळातली. तिला जमिनीखालून पाणी आणणाऱ्या आणि शेतीला पाणी नेणाऱ्या नाल्या आहेत. उतार किती ठेवला असेल, पाणी न उपसता कसे वाहते, यात गणित आहे, विज्ञान आहे, इतिहास आहे. तिच्यापासून पैठणच्या धरणाच्या उजव्या कालव्यापर्यंत एक सबंध आठवडा सहज भरतो. आगकाडीची खेळणी कोणत्याही शाळेच्या वऱ्हांड्यात होतात. उणे पडतात ती पुस्तके आणि शिकवणारी ताजी माणसे. पुस्तकांसाठी तालुक्याच्या ग्रंथालयातून पेटी आणता येते. माणसांसाठी कॉलेजची मुले आहेत. चार चांगली मुले-मुली निवडून द्यायला माझ्यासारखे प्राध्यापक आनंदाने तयार होतील.

वेळ मात्र आपल्या उन्हाची ठेवावी. शहरातले दहा ते पाचचे वेळापत्रक येथे उपयोगाचे नाही. सकाळी सहा ते दहा आणि उन्हे कलल्यावर पाच ते आठ. दुपारी मुलांनी घरी जेवावे, झोपावे, शेळ्यांना पाणी दाखवावे. खर्च म्हणाल तर सकाळची न्याहारी, कागद, एक-दोन दिवसांची गाडी. फी घ्यायचीच झाली तर ब्राउनसी बेटावरची रीत उत्तम : ऐपतीप्रमाणे, आणि कोणी किती दिली ते मुख्याध्यापकांनी आपल्याजवळ ठेवावे.

महिन्याचा विचार करता, परीक्षा आणि निकाल एप्रिलअखेर आटोपतात, कोयत्यावरची माणसे तोवर परतलेली असतात आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा. लग्नाची दाट तिथी तेवढी पंचांगात पाहून घ्यावी, नाहीतर मुले शिबिरात एक आणि पंगतीला दहा अशी गत होते.